ओवाळणीच्या ताटातली वर्गणी

सोमेश्वर कंडक्टर विधानसभेला उभा राहतोय हे ऐकून कुरुंदा गावातल्या चहाच्या टपरीवर लोक आधी हसले, मग त्याच्याच खात्यावर चहा मागवून पुन्हा हसले. हसण्यासारखंच होतं म्हणा. तीस वर्षं एसटीत तिकिटं दिलेला माणूस, वय साठीला टेकलेलं, पक्ष नाही, गाडी नाही, आणि पेन्शन म्हणाल तर गॅसची टाकी नि लाइटबिल भागवून संपणारं. समोरचे उमेदवार असे, की त्यांच्या ताफ्याच्या एका दिवसाच्या डिझेलात हा वर्षभर जेवला असता.

पण सोमेश्वरच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. तो निवृत्त झाला त्याच वर्षी वसमतहून बंजाऱ्यांच्या तांड्यांकडे जाणारी संध्याकाळची गाडी बंद झाली. कॉलेजच्या पोरी साडेपाचला स्टँडवर येऊन उभ्या राहायच्या आणि कुणाच्या तरी टेम्पोत दाटीवाटीनं बसून घरी जायच्या. दोन पोरींचं शिक्षण घरच्यांनी तेवढ्यापायी थांबवलं. सोमेश्वरनं सात अर्ज केले, सातही अर्जांची पोच त्याच्याकडे होती. आठवा अर्ज त्यानं उमेदवारीचा केला.

त्याची बायको पार्वतीबाई दहावी पास आणि बचत गटाची सचिव. तिनं नवऱ्याला अडवलं नाही, फक्त एक अट घातली. ती म्हणाली, "हिशोब मी ठेवणार. तुमी भाषण करा, पैशाला हात लावू नका." म्हणून ती त्याची खर्च प्रतिनिधी झाली. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं उघडलं, त्यात सोमेश्वरनं निवृत्तीच्या पैशातले साठ हजार टाकले, त्यातलेच दहा हजार अनामत म्हणून लगेच गेले. सरकारी नोंदवही आली ती तीन रंगांच्या पानांची. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. सोबत दरपत्रक. एक कप चहा किती, एक खुर्ची किती, एक हार किती, सगळ्यांचे भाव सरकारनं ठरवून दिलेले. सोमेश्वरला चिन्ह हवं होतं शिट्टी, मिळाली कपबशी. पार्वतीबाईनं दरपत्रकातला चहाचा भाव वाचला आणि कपबशीचा उमेदवार कुणालाही चहा पाजणार नाही हे त्याच मिनिटाला जाहीर केलं.

या माणसाची कमाई एकच होती, ती आधी सांगायला हवी. तीस वर्षांत तपासणी पथक त्याच्या गाडीत कितीदा तरी चढलं, पण त्याच्या बॅगेत एक रुपया जास्त किंवा एक रुपया कमी कधी निघाला नाही. घरात सोनं नव्हतं, शेत अडीच एकर, पण सोमेश्वर कंडक्टरच्या हातात पैसा दिला की तो बराबर जागेवर जातो, हे तालुक्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. तो उभा राहिला तो या नावाच्या जोरावर.

प्रचाराचा पहिला दिवस हट्टा गावात होता आणि तिथेच घोळ झाला. भाड्याची एक रिक्षा, तिच्यावर कर्णा, मागे सोमेश्वर, पार्वतीबाई आणि चारपाच ओळखीची माणसं. पहिल्याच दारात एक बाई ताट घेऊन उभी राहिली. कुंकू, अक्षता, निरांजन. तिनं ओवाळलं. सोमेश्वरचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि मागून पार्वतीबाई इतक्या जोरात खोकली, की निरांजन विझायची वेळ आली. आचारसंहिता होती. उमेदवारानं मतदार बाईच्या ताटात दहाची नोट टाकली, तरी ती लाच ठरते. निवडणूक कार्यालयातल्या बैठकीत हे तीनदा बजावून सांगितलं होतं.

ती बाई ताट धरून उभी राहिली. हा हात जोडून उभा राहिला. आता ओवाळून घ्यायचं आणि ताट रिकामं ठेवायचं, हे मराठवाड्यातल्या कुठल्या पुरुषाला जमतं? तिनं नुसतं ताट खाली घेतलं. पण तिच्या सासूनं आतून विचारलंच, "गेला का गं कंडक्टर तसाच?" त्या दिवशी अठरा घरांत ओवाळलं आणि अठराही ताटं रिकामी राहिली. संध्याकाळी टपरीवर नवा विनोद आला, की कंडक्टरनं आयुष्यभर लोकांचे सुट्टे पैसे ठेवून घेतले, आता बहिणींची ओवाळणीही ठेवून घेतो.

सोमेश्वरला टोमण्याचं काही नव्हतं. त्याला त्या अठरा चेहऱ्यांची लाज वाटत होती. जेवताना त्यानं पार्वतीबाईला विचारलं, "मोठे लोक काय करतात गं ताटाचं?"

"त्यांच्यामागून माणूस येतो म्हणं, पाकीट घेऊन," ती म्हणाली. "आपल्यामागून कुत्रंबी येत न्हाई. भाकर खा."

तिसऱ्या दिवशी ते तांड्यावर गेले. कापसाच्या वेचणीचे दिवस, म्हणून बाया रानात जायच्या आत, सकाळी सातलाच. तिथे पारुबाई होती. पासष्टीची, हातभर बांगड्या, आवाज असा की रानाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जावा. सोमेश्वरच्या गाडीनं तिनं वीस वर्षं वसमतच्या बाजाराला ये-जा केली होती. ती ताट घेऊन पुढे आली तसा सोमेश्वर दोन पावलं मागे सरला.

"पारुबाई, ओवाळू नका," तो म्हणाला. "मला ताटात काही टाकता येत न्हाई. कायदा हाये. तुमचं ताट रिकामं ठेवायचं, मला लई तकलीफ होऊन राहिली त्याची."

"भावानं ओवाळणी टाकली तर गुन्हा?"

"व्हय. तुमी मतदार, मी उमेदवार."

पारुबाईनं जरा विचार केला. मागच्या चौदा बायांकडे वळून ती त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली, त्यावर सगळ्या हसल्या. मग तिनं सोमेश्वरला ओवाळलं, कंबरेची पिशवी सोडली, तिच्यातून दहाची घडी घातलेली नोट काढली आणि स्वतःच्याच ताटात ठेवली. पाठोपाठ बाकीच्यांनी. कुणी वीस, कुणी दहा, एकीनं पन्नास.

"यंदा ओवाळणी बहिणी टाकणार," ती म्हणाली. "उचल."

सोमेश्वरनं हात पाठीमागे घेतले. बहिणीच्या ताटातून पैसा उचलायचा? ताटात टाकायचं असतं. ताटातून उचलणारा पुरुष त्यानं जन्मात पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर त्याच्या घरी पाणी प्यायला नसता. त्यानं पार्वतीबाईकडे पाहिलं. ती पावतीपुस्तक उघडून, पेनचं टोपण दातात धरून तयार होती.

"वर्गणी घ्यायला कायद्याची ना न्हाई," ती म्हणाली. "नावं सांगा, बायांनो. फुकटचा एक रुपयाबी ठिवत न्हाई मी."

त्यानं हात पुढे केला. एकेक नोट उचलताना त्याचे डोळे भरून आले आणि शेवटी पारुबाईच म्हणाली, "उचल रे भाऊ, उन्हं व्हायलीत, आमाला रानात जायचंय." तीनशे चाळीस रुपये झाले. पंधरा बायांच्या पंधरा पावत्या झाल्या, दुपारी पैसे बँकेत गेले, आणि गुलाबी पानावर पंधरा नावं चढली.

ही गोष्ट सोमेश्वरच्या रिक्षाच्या पुढे पळाली. दुसऱ्या गावात बाया ताटात पैसे ठेवूनच उभ्या राहू लागल्या. सासवांनी नाकं मुरडली, काही नवऱ्यांनी घरी तोंडं वाजवली, की ओवाळून वर पैसे देता, त्या माणसाला भिकारी करता काय. बायांनी ऐकलं नाही. हट्ट्यातल्या त्या अठरा घरांतून तर निरोपच आला, की एकदा परत या. सोमेश्वर गेला. त्या पहिल्या बाईनं वीस रुपये ताटात ठेवले आणि तिची सासू दारात येऊन उभी राहिली. तिनंही दहा रुपये टाकले. त्या दिवशीचं भाषण सोमेश्वरनं चार वाक्यांतच संपवलं. ते त्याचं सगळ्यात चांगलं भाषण झालं असं पार्वतीबाईचं मत होतं.

मग मतदानाला आठ दिवस राहिले असताना फोटो आला. तांड्यावरच्या त्या सकाळचा, कुणीतरी लांबून मोबाइलवर काढलेला. ताट, ताटावर सोमेश्वरचा हात, हातात वीसची नोट. खाली लिहिलेलं, इमानदार कंडक्टर ओवाळणीच्या नावाखाली पैसे वाटताना. दुपारपर्यंत तो फोटो तालुकाभर फिरला आणि संध्याकाळी निवडणूक कार्यालयाची नोटीस घरी आली. मतदारांना रोख रक्कम दिल्याची तक्रार, अठ्ठेचाळीस तासांत खुलासा करा, नाहीतर गुन्हा दाखल होईल.

सोमेश्वर ओसरीवर बसला तो उठेना. निवडणूक हरणार हे त्याला अर्ज भरतानाच माहीत होतं, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पण तीस वर्षं एक रुपया इकडचा तिकडे न केलेला माणूस, आणि त्याच्या नावावर पैसे वाटल्याचा गुन्हा. हे नाव गेलं, तर त्याच्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं. उद्या मेल्यावर लोक म्हणाले असते, तोच तो, ताटातला कंडक्टर.

"माझ्याकडं पावत्या हायेत," पार्वतीबाई म्हणाली.

"पावती आपण लिहिलेली. त्यांनी म्हटलं मागून लिहिली, तर?"

पार्वतीबाईनं पावतीपुस्तक पिशवीत घातलं. सकाळी दोघं तांड्यावर गेले आणि सोमेश्वरनं पारुबाईला सगळं सांगितलं. साक्ष द्याल का, असं विचारलं. वेचणीच्या दिवसात एक खाडा म्हणजे बाईची तीनशे रुपयांची मजुरी बुडणार. पंधराजणी म्हणजे साडेचार हजार. आणि त्याला ते भरूनही देता येत नव्हते. साक्षीदारांना नेण्यासाठी साधी रिक्षा पाठवली असती, तरी पैसे देऊन बाया आणल्या अशी दुसरी तक्रार झाली असती.

"काहून तोंड पाडून राहिला?" पारुबाई म्हणाली. "बसनं येतो आमी. अर्ध्या तिकिटात."

दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीनं पंधराच्या पंधरा बाया वसमतला उतरल्या. निवडणूक कार्यालयाच्या व्हरांड्यात त्या बसल्या तेव्हा शिपायाला वाटलं, मोर्चा आला. खर्च तपासणाऱ्या मॅडम चाळिशीच्या होत्या, चष्मा, समोर फायलींचा ढीग. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला.

"यात हात दिसतो, नोट दिसते," त्या म्हणाल्या. "नोट ताटात चाललीय की ताटातून निघालीय, हे दिसत नाही. आणि उमेदवार मतदाराच्या ताटातून पैसे घेतो, हे मी नोकरीत पहिल्यांदा ऐकतेय. तुम्हीच सांगा, मी काय समजू?"

सोमेश्वर काही बोलणार तेवढ्यात पारुबाई पुढे झाली.

"मॅडम, तुमी भावाला ओवाळता का?"

"ओवाळते."

"त्यानं कधी ताटातून पैसा उचलला?"

मॅडमनी समोरची फाइल बाजूला सारली.

"न्हाई उचलणार," पारुबाई म्हणाली. "कुनाचाच भाऊ उचलत न्हाई, लाज वाटती. खोटंच सांगायचं असतं, तर यानं दुसरं काई सांगितलं असतं, ही लाजेची गोष्ट काहून सांगितली असती? आता फोटोत हात बगू नका. तोंड बगा त्याचं. पैसे वाटणाऱ्याचं तोंड असं राहते काय?"

मॅडमनी फोटो पुन्हा उचलला. चष्मा वर केला. फोटोत सोमेश्वरची मान खाली होती, ओठ दाबलेले, डोळे ओले. आजूबाजूच्या बाया मात्र खुशाल हसत होत्या. मग मॅडमनी एकेका बाईला आत बोलावून नाव आणि रक्कम विचारली. पार्वतीबाईला बाहेर बसवलं होतं, नोंदवही मॅडमच्या टेबलावर. पंधराही नावं जुळली, पंधराही रकमा जुळल्या, आणि बँकेच्या त्याच दिवशीच्या पावतीवर तीनशे चाळीस रुपये निघाले. एक बाई चुकून पंचवीस म्हणाली, मग स्वतःच म्हणाली, न्हाई माय, वीसच, पाच परत घेतले व्हते तिकिटाला.

"तक्रारीत तथ्य नाही," मॅडमनी लिहिलं आणि शिक्का मारला. जाताना त्या पार्वतीबाईला म्हणाल्या, "तुमचं अक्षर चांगलंय." पार्वतीबाईला आमदारकी मिळाल्यासारखं झालं.

बाहेर सोमेश्वर पंधराजणींसमोर हात जोडून उभा राहिला. तुम्ही माझं नाव वाचवलं, असं त्याला म्हणायचं होतं. त्यातले दोन शब्द बाहेर आले आणि बाकीचे राहिले. बाया तोवर अर्ध्या रस्त्यावर होत्या, कारण साडेबाराची गाडी सुटली असती तर दुसरा अर्धा दिवसही बुडाला असता.

प्रचार संपला तेव्हा नोंदवहीत दोन हजार तीनशे अठरा बायांची नावं होती आणि एकसष्ट हजार दोनशे सत्तर रुपये वर्गणी. निकाल लागला. सोमेश्वरला एक हजार नऊशे सदुसष्ट मतं पडली आणि अनामत गेली. त्याच्या स्वतःच्या भावकीनं बैठक घेऊन मतं दुसरीकडे ठरवली होती, हे त्याला मतमोजणीच्या आदल्या दिवशी कळलं होतं. टपरीवर कुणीतरी कागदावर वजाबाकी केली आणि सगळ्यांना वाचून दाखवली. निदान साडेतीनशे बाया अशा निघाल्या, की ज्यांनी पैसे दिले आणि मत दिलं नाही.

हे त्याला लागलं. तो घरी येऊन चप्पल न काढताच ओसरीवर बसला. पार्वतीबाई शेवटचा हिशोब लिहीत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "काय झालं?" त्यानं वजाबाकी सांगितली.

तिनं पेन खाली ठेवला. "अहो, मग चांगलंच झालं की. तुमी पैसे वाटून मतं इकत घेतली असती, तर निदान पैशाएवढी तरी पडली असती. आता कुनाची छाती हाये तुमाला लाच देणारा म्हनायची? निकालानंच लिहून दिलं."

सोमेश्वर पहिल्यांदा हसला. मग बराच वेळ हसत राहिला आणि हसता हसता त्याला कळलं, की बायको म्हणते ते अगदी खरं आहे.

हिशोब मुदतीत दाखल झाला. कागदाची पोच खिशात घालून तो थेट तांड्यावर गेला. आता आचारसंहिता नव्हती, प्रचार नव्हता, त्याला फक्त आभार मानायचे होते. पारुबाई घरी नव्हती. तिच्या दारावरून गेल्या आठवड्यात तो दोनदा गेला होता, दोन्ही वेळा ती आत निघून गेली होती. साक्षीपायी घरात काही बोलणी खावी लागली असतील, म्हणून ती रागावली असेल, असं त्यानं धरलं होतं. तो रानात गेला. बाया ओळीनं कापूस वेचत होत्या. त्याला पाहताच पारुबाईनं पाठ फिरवली आणि हात जोरात चालवू लागली.

"पारुबाई," तो म्हणाला, "माझ्यापायी तुमाला तकलीफ झाली."

ती थांबली. ओटीतला कापूस तिनं मागच्या गाठोड्यात टाकला. मग वळली, पण त्याच्या तोंडाकडे न बघता बोलली.

"भाऊ, मी तुला मत न्हाई दिलं. आमी कुनीच न्हाई दिलं. तांड्याची बैठक झाली, रस्ता करून देतो म्हनले ते पार्टीवाले. रस्ता लागतोच आमाला. म्हनून तिकडं दिलं. तुला तोंड कसं दावावं म्हनून लपत व्हते मी."

हे सोमेश्वरला लागायला हवं होतं. पण काही दुखलं नाही.

"मत तांड्याचं व्हतं," ती म्हणाली. "ते ठरलं तिकडं गेलं. ते दहा रुपये माझे व्हते. माझ्या वेचणीचे. त्याला कुनाची बैठक लागत न्हाई. ते मी तुला दिले."

या बाईकडे पूर्णपणे तिचं असं जे होतं, तेवढं तिनं काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं, आणि वर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून ते सरकारदरबारी सांगून आली होती. एक हजार नऊशे सदुसष्ट लोकांनी त्याला मत दिलं होतं, त्यांचे उपकार होतेच. पण हे काही वेगळंच होतं. कापसाच्या ओळीत, सगळ्या बायांसमोर, तो वाकला आणि पारुबाईच्या पायांना त्यानं हात लावला.

ती गडबडून मागे सरली. "आता काहून पाया पडतो, भाऊ? निवडणूक तर झाली की."

"झाली म्हणूनच," तो म्हणाला.